बाजारात गॅस निम्म्यावर, बिलात फरक तीनच टक्के?

प्रश्न : गॅसचे घाऊक भाव आठ महिन्यांपूर्वी निम्म्यावर आले आणि तेव्हापासून तिथेच आहेत. त्याआधी दीड वर्ष ते चढे होते, तेव्हा दरवाढीची पत्रं अगदी वेळेवर येत होती. आता उतार आला तर पत्र नाही आणि फरकही नाही. गेल्या वर्षीचं याच महिन्याचं वीजबिल १०० धरलं, तर यंदाचं ९७ आहे. गॅसचं बिल जवळपास जसंच्या तसं. दोन्ही वर्षांची बिलं सोबत जोडली आहेत. कंपनी आता वर्षभराचा बांधील दराचा करार देऊ करते आहे. एकूण बिल आजच्यापेक्षा ६ टक्क्यांनी कमी पडेल म्हणतात, मध्येच सोडला तर दंड. घ्यावा का? की सरळ तक्रार करावी?
— बिलं डब्यात जपून ठेवणारी

उत्तर : डब्यातली बिलं कामाला आली. रकमेकडे नंतर पाहू, आधी दोन्ही वीजबिलांवरच्या तारखा बघा. गेल्या वर्षीचं बिल ३० दिवसांचं आहे, यंदाचं ३४ दिवसांचं. युनिटं तेव्हा २४०, आता २७२, म्हणजे दोन्ही वेळा रोजची ८. वापर तसूभरही बदललेला नाही. आता १०० ला ३० ने भागा, रोजचे ३.३३ येतात. ९७ ला ३४ ने भागा, २.८५ येतात. तुमचं वीजबिल ३ टक्क्यांनी नाही, १४ टक्क्यांहून जास्त उतरलं आहे. जास्तीच्या चार दिवसांनी ते झाकलं गेलं, एवढंच. दोन बिलांची तुलना नेहमी रोजच्या हिशेबाने करावी. रीडिंग घेणारा चार दिवस उशिरा आला तर स्वस्ताई त्यातच गडप होते.

तरीही बाजार ५० टक्क्यांनी पडला (गॅस उतरला की बऱ्याच ठिकाणी वीजही उतरते, का ते पुढे सांगतो) आणि तुमच्यापर्यंत १४ च पोचले, हा प्रश्न उरतोच. त्याचं खरं उत्तर खरेदीच्या तारखांत आहे. तुम्ही आज जी वीज वापरता ती पुरवठादाराने आज विकत घेतलेली नसते. बहुतेक पुरवठादार पुढच्या महिन्यांची वीज आणि गॅस वर्ष-दीड वर्ष आधीपासून वायद्याने, म्हणजे भाव आधीच ठरवून, थोडाथोडा घेत येतात. म्हणून तुमच्या बिलात आजचा भाव नसतो, मागच्या वर्षभराच्या भावांची सरासरी असते.

हे कागदावर मांडून पाहा. समजा पुरवठादार कुठल्याही महिन्याचा माल आधीच्या बारा महिन्यांत बारा सारख्या वाट्यांनी घेतो. भाव दीड वर्ष १०० होता आणि आठ महिन्यांपूर्वी ५० झाला. मग या महिन्याच्या मालातले चार वाटे १०० चे आणि आठ वाटे ५० चे. बेरीज ८००, बाराने भागलं की ६६.७. बाजार निम्म्यावर असताना पुरवठादाराची खरेदी फक्त एक तृतीयांशाने स्वस्त झाली आहे. पुढच्या महिन्यात ती ६२.५ होईल, मग ५८.३, मग ५४.२, आणि आजपासून चार महिन्यांनी ५०. मध्ये भाव पुन्हा हलला नाही तर.

आता थोडी वेगळी चाल घ्या, कारण तिथे गोष्ट आणखी उलटी दिसते. भाव बराच काळ ५० होता, मग सहा महिने २०० वर उसळला आणि लगेच ६० वर उतरला. उसळीच्या तिसऱ्या महिन्यानंतर पुरवठादाराचा सरासरी खर्च ८७.५ होतो. उसळी संपते तेव्हा १२५. आणि उसळी संपून सहा महिने झाले, बाजार ६० वर शांत बसला आहे, वर्तमानपत्रं स्वस्ताईच्या बातम्या देऊन थकली आहेत, तेव्हा खर्च १३०. सगळ्यात महाग महिना बाजार पडल्यानंतर अर्ध्या वर्षाने येतो, कारण तोवर सरासरीच्या बारा महिन्यांच्या खिडकीतून बाहेर पडणारे वाटे ५० चे असतात आणि २०० चे सहाच्या सहा वाटे अजून आत असतात. नवव्या महिन्यात ९५ आणि बाराव्यात एकदाचे ६०. याच हिशेबाने उसळीच्या काळात बाजार २०० वर असताना ग्राहकाला ८७ चा माल मिळाला होता. तेव्हा कुणी पत्र लिहून आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नाही, पण हिशेब पुरा मांडला तर दोन्ही बाजू दिसतात.

खिडकी किती लांब, हे देशागणिक बदलतं. जपानमध्ये इंधन-समायोजनासाठी (इंधनाच्या भावातला फरक बिलात घालण्यासाठी) आयात इंधनाच्या तीन महिन्यांच्या भावांची सरासरी घेतात आणि ती पुढे ढकलून लावतात. जानेवारी ते मार्चची सरासरी जूनच्या बिलात उतरते. ब्रिटनमध्ये नियामकाने घरगुती दरावर जानेवारी २०१९ पासून कमाल मर्यादा घातली. ती आधी सहा महिन्यांनी बदलायची, ऑक्टोबर २०२२ पासून दर तीन महिन्यांनी बदलते. भारतात २०२२ च्या वीज (दुरुस्ती) नियमांनी इंधन आणि वीजखरेदीतला फरक दरमहा आपोआप ग्राहकाकडे वळवण्याची वाट करून दिली. पण तिथे दुसरी गंमत आहे. औष्णिक केंद्राला दोन भागांत पैसे मिळतात, एक क्षमतेचा स्थिर आकार आणि एक इंधनाचा. पहिला भाग केंद्र उपलब्ध असलं की द्यावाच लागतो, कोळसा स्वस्त असो की महाग. शिवाय देशी कोळशाचा भाव अधिसूचनेने ठरतो. त्यामुळे परदेशी बंदरातला कोळसा उतरला तरी देशी कोळसा जाळणाऱ्या केंद्राच्या खर्चात काही हलत नाही. द्रवरूप नैसर्गिक गॅसचे बरेच दीर्घ मुदतीचे करार तर गॅसच्या नाही, खनिज तेलाच्या भावाला बांधलेले असतात आणि तेही काही महिने मागच्या. बातमीतला गॅस आणि तुमच्या नळीतला गॅस यांचा भाव एकच असेल असं धरून चालू नका.

दुसरा मुद्दा वाट्याचा. बिलातला इंधनाचा किंवा बाजारखरेदीचा भाग हा एकच भाग आहे. तुमच्या बिलातल्या ओळी एकत्र केल्या तर १०० पैकी साधारण ४२ खरेदीचे, २३ तारा-नळ्यांचे म्हणजे वहन आणि वितरणाचे, ९ सरकारी धोरणांपायी लावलेल्या आकारांचे, १७ पुरवठादाराचा कारभार, बुडीत रकमा आणि नफा यांचे, आणि या ९१ वर दहा टक्के कर. खरेदी पूर्ण निम्मी झाली आणि ती पैनपै तुमच्यापर्यंत पोचली, तरी ४२ चे २१ होतील, करात २ वाचतील आणि बिल ७७ वर येईल. निम्मा भाव म्हणजे निम्मं बिल कधीच नसतं. आता वरची सरासरी लावा. खरेदी एक तृतीयांशाने उतरली, ४२ चे २८. करासह वाचले १५.४, बिल ८४.६. मध्ये वहन आकार ५ टक्क्यांनी वाढलेला तुमच्या बिलावर दिसतोच आहे, तो करासह १.३ घालतो. आलं ८५.९. तुमचं प्रत्यक्ष बिल रोजच्या हिशेबाने ८५.६ आहे.

म्हणजे विजेच्या बाबतीत आजघडीला लूट दिसत नाही. पण यातून एक तारीख हाती लागते. चार महिन्यांनी हेच बिल गेल्या वर्षीच्या १०० च्या तुलनेत ७८ च्या आसपास यायला हवं. तेव्हाही ते ८५ वर अडकलेलं असेल, तर तुमच्याकडे प्रश्न विचारायला भक्कम कारण आहे. आज ते नाही.

वहन आकार का वाढतो, तेही सांगतो, कारण लोकांना सगळ्यात जास्त राग या ओळीचा येतो. खांब, रोहित्रं, नळ्या, दाब कमी करणारी ठाणी, हे सगळं वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या तासासाठी बांधलेलं असतं. त्याचा खर्च नियामक काही वर्षांसाठी एकदम मंजूर करतो आणि इंधनाच्या भावाशी त्याचा संबंध नसतो. लोकांनी वापर कमी केला तर तोच खर्च कमी युनिटांवर वाटला जातो, म्हणजे दर युनिटामागे आकार वाढतो. महागाईत काटकसर केलेल्या घरांना दोन वर्षांनी वहन आकार चढलेला दिसतो तो यामुळेही. न्याय्य वाटत नाही, पण गणित तसंच आहे.

बिलातल्या स्थिर आकारात (वापर कितीही असला तरी लागणाऱ्या रकमेत) कधी कधी जुने अपघातही दडलेले असतात. ब्रिटनमध्ये २०२१ च्या उसळीत वायदे न केलेले पुरवठादार एकामागून एक बुडाले, जवळपास तीस. त्यांचे ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवण्याचा खर्च सगळ्या घरांच्या स्थिर आकारात वाटून वसूल केला गेला. अमेरिकेत टेक्ससमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत गॅस कंपन्यांनी अचाट भावाने खरेदी केली. तिची भरपाई रोखे काढून पुढच्या अनेक वर्षांच्या बिलांवर पसरवली. तो आठवडा केव्हाच संपला, त्याचा हप्ता चालू आहे. बुडीत रकमांचंही तसंच. महागाईच्या वर्षात लोकांनी थकवलेली बिलं हिशेबात बुडीत म्हणून येतात ती वर्षभराने, बाजार उतरलेला असताना.

आणि सवलती. भाव चढा असताना सरकारने बिलाचा काही भाग उचलला असेल, तर भाव उतरताना पहिला फायदा सरकारी तिजोरीला होतो, तुम्हाला नाही. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण ब्रिटनचंच. सर्वसाधारण घराची वार्षिक दरमर्यादा जानेवारी ते मार्च २०२३ मध्ये ४,२७९ पौंड निघाली होती, एप्रिलमध्ये ती ३,२८० वर आली. जवळजवळ चौथा हिस्सा उतार. पण सरकारी हमीमुळे घरं दोन्ही वेळा २,५०० च्या हिशेबानेच भरत होती. त्यात मार्चअखेर ४०० पौंडांची वेगळी सूट संपली, म्हणून बाजार उतरत असताना लोकांच्या खिशातून एप्रिलमध्ये जास्त पैसे गेले. तुमच्या गेल्या वर्षीच्या बिलात ‘सवलत’, ‘अनुदान’, ‘परतावा’ अशी वजा ओळ असेल तर ती काढून टाकून मगच तुलना करा. तुमच्या वीजबिलावर ती नाही, गॅसच्या बिलावर आहे. एकूण रकमेच्या ६ टक्के. यंदा ती गेली आहे.

विजेपुरती आणखी एक गुंतागुंत आहे, थोडक्यात सांगतो. बऱ्याच वीजबाजारांत त्या तासाला लागणाऱ्या शेवटच्या, सर्वांत महागड्या केंद्राचा भाव सगळ्यांना मिळतो. शंभरातली साठ युनिटं वारा, सूर्य आणि पाण्याची असली आणि शेवटची पंचवीस गॅसची, तर भाव गॅसच ठरवतो. म्हणून गॅस चढला की सगळी वीज चढते. उलट्या दिशेनेही ते खरं आहे, पण पुरतं नाही. आधुनिक गॅस केंद्राची कार्यक्षमता ५० ते ६० टक्के, म्हणजे एका युनिट विजेला सुमारे दोन युनिट गॅस लागतो. शिवाय जिथे कार्बन परवाने (कार्बन डायऑक्साइड सोडण्यासाठीचे परवाने) विकत घ्यावे लागतात, तिथे एका मेगावॉट-तासामागे (हजार युनिटांमागे) ०.३५ ते ०.४ टन उत्सर्जनाचा भाव वेगळा. युरोपात हा परवाना फेब्रुवारी २०२३ मध्ये टनाला १०० युरोंच्या पुढे गेला होता, गॅस खाली येत असतानाच. पवन आणि सौर प्रकल्पांचे काही करार तर असे असतात की ठरलेल्या भावापेक्षा बाजार खाली गेला, की उरलेला फरक ग्राहकांच्या बिलातून भरून द्यायचा. त्या हिश्श्यापुरती बाजाराची उतरण तुमच्यापर्यंत येतच नाही. चढणही येत नाही, हे खरं.

मग लबाडी होतच नाही का? होते, आणि तिला अर्थशास्त्रात नावही आहे. भाव चढताना अग्निबाणासारखा आणि उतरताना पिसासारखा. पेट्रोल-डिझेलच्या किरकोळ विक्रीत हा प्रकार वर्षानुवर्षं अभ्यासला गेला आहे. वीज-गॅसमध्ये तो फोफावतो तिथे, जिथे दर कंपनी स्वतः ठरवते, नियामकाची मर्यादा नसते आणि ग्राहक पुरवठादार बदलत नाहीत. ओळखायची खूण अशी : त्याच कंपनीचा नव्या ग्राहकांसाठीचा दर बघा. तो तुमच्या दरापेक्षा १० टक्क्यांहून खाली असेल, तर नवा माल स्वस्त मिळतो आहे हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे. फक्त जुन्या ग्राहकांना ते सांगायची घाई नाही.

आता गॅसचं बिल. इथे मात्र मला काळजी वाटते. दोन्ही बिलांवर रीडिंगपुढे ‘अंदाजे’ छापलं आहे आणि यंदा तर लागोपाठ दुसऱ्यांदा. अंदाज मागच्या वर्षीच्या वापरावरून काढलेला असतो. म्हणजे हे बिल तुमच्या वापराबद्दल काहीच सांगत नाही. आजच मीटरचा फोटो काढा, ज्यात आकडे आणि मीटरचा क्रमांक दोन्ही वाचता येतील, आणि तो कंपनीला पाठवा. यापुढे दर बदलेल त्या दिवशी रीडिंग न चुकता पाठवायचं. ते नसेल तर कंपनी दोन रीडिंगांमधला वापर आपल्या हिशेबाने आधीच्या आणि नंतरच्या दरांत वाटते. दर उतरताना उतरण्यापूर्वीचा अंदाज फुगलेला असेल, तर नंतर जाळलेला गॅसही तुम्ही जुन्या चढ्या दराने भरता.

मीटर घनमीटर मोजतो आणि बिल किलोवॉट-तासांत, म्हणजे युनिटांत, येत असेल तर रूपांतरही तपासा. घनमीटर गुणिले उष्मांक (एक घनमीटर गॅस जाळल्यावर मिळणारी उष्णता), भागिले ३.६. उष्मांक घनमीटरला ३९ मेगाज्यूल असेल तर १ घनमीटर म्हणजे १०.८ युनिट. काही ठिकाणी तापमान-दाबासाठी एक छोटा गुणक लावतात, ब्रिटनमध्ये तो १.०२२६४ आहे. तुमच्या बिलावर १ घनमीटरला १० ते ११.५ च्या बाहेरचं काही दिसलं तर थांबा. सर्वांत महागडी चूक जुन्या मीटरांची असते. जुना मीटर शंभर घनफुटांत मोजतो, आणि शंभर घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर. मीटर घनमीटरचा असताना नोंद घनफुटांची झाली तर बिल २.८३ पट येतं आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. उलट चूक झाली तर बिल ३५ टक्केच येतं, आणि मग एक दिवस थकबाकीचं पत्र येतं. मीटरच्या तबकडीवर एकक छापलेलं असतं, ते आणि बिलावरचं एकक एकच आहे ना पाहा.

वीजबिलावर टप्प्याटप्प्याचे दर असतील तर आणखी एक तपासणी. टप्पे ३० दिवसांचे असतात. ३४ दिवसांच्या बिलात पहिल्या १०० युनिटांची मर्यादा ११३ व्हायला हवी. ती १०० वरच ठेवली असेल तर १३ युनिटं विनाकारण महागड्या टप्प्यात गेली. तुमच्या यंदाच्या बिलात ती बरोबर वाढवली आहे, पण दर वेळी पाहत जा.

दरमहा सारखा हप्ता भरणाऱ्यांना हे सगळं दिसतच नाही. हप्ता म्हणजे वर्षाच्या अंदाजाचा बारावा भाग अधिक मागची थकबाकी. वर्षाचा अंदाज १,२०० आणि थकबाकी १२० असेल तर हप्ता ११०. दर १५ टक्क्यांनी उतरले तर तो ८५ अधिक १०, म्हणजे ९५ व्हायला हवा. कंपनी स्वतःहून करेलच असं नाही. अंदाज कुठल्या दराने आणि किती युनिटांवर काढला ते लेखी मागावं.

रोजची ८ युनिटं मोठी नाहीत. तरी त्यातली झोपेतली, म्हणजे काही वापरत नसतानाही जाणारी, किती, हे एका संध्याकाळी कळतं. फ्रिज सोडून सगळं बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा दिवा पाहा. शेजारी एका युनिटाला किती लुकलुका ते छापलेलं असतं, समजा १,६००. दोन लुकलुकांमधले सेकंद मोजा. ३६ लाख भागिले (१,६०० गुणिले सेकंद) म्हणजे तितके वॉट. १५ सेकंद आले तर १५० वॉट. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद असतानाही १५० वॉट दिसत असतील, तर महिन्याला १०८ युनिटं कुठेतरी गळत आहेत. बहुधा जुना सेट-टॉप बॉक्स, पाण्याच्या टाकीचा हीटर किंवा कायम चालू राहणारा पंप. दर उतरण्याची वाट पाहण्यापेक्षा हा शोध लवकर फळतो.

करार घ्यावा का? वीजबिलापुरतं गणित करून ठेवलं आहे. आज रोजच्या हिशेबाने तुमचं बिल ८५.९ धरू. बदलत्या दरावर राहिलात आणि बाजार हलला नाही, तर पुढचे महिने ८४, ८२, ८०.१ आणि नंतरचे नऊ महिने ७८.२. बारा महिन्यांची बेरीज सुमारे ९५०. करार घेतला तर ६ टक्के कमी म्हणजे महिन्याला ८०.७५, बेरीज ९६९. करार आज स्वस्त वाटतो, पण वर्षाअखेर २ टक्क्यांनी महाग पडतो. हे २ टक्के म्हणजे भाव पुन्हा उसळला तर त्यापासूनचा विमा. घरात आजारी माणूस असेल, उत्पन्न बांधलेलं असेल, एखादं मोठं बिल झेपणार नसेल, तर हा विमा महाग नाही, घेऊन टाका. तसं नसेल तर चार महिने थांबा. तोवर जुन्या चढ्या खरेदीचे वाटे गळून गेलेले असतील आणि तेव्हाचा करार आजच्यापेक्षा खाली यायला हवा. आज घेऊन चार महिन्यांनी दंड भरत सोडायचा, हा सगळ्यात वाईट पर्याय.

कराराचा कागद वाचताना ‘६ टक्के’ कशावर ते बघा. अनेकदा युनिटचा दर उतरवलेला असतो आणि स्थिर आकार चढवलेला. मग जास्त वापरणाऱ्याला फायदा आणि तुमच्यासारख्या बेताच्या वापराला तोटा. तपासायची रीत सोपी आहे : स्थिर आकारातली रोजची वाढ भागिले युनिट दरातली घट. उत्तर ८ युनिटांच्या वर आलं तर करार तुमच्या कामाचा नाही.

तासागणिक बदलणाऱ्या दराची योजना कुणी सुचवली तर स्वस्त तासांवर भुलू नका, आधी कमाल मर्यादा विचारा. टेक्ससमध्ये त्या थंडीच्या आठवड्यात घाऊक भाव मेगावॉट-तासाला ९,००० डॉलरच्या कमाल मर्यादेवर चिकटून होता, म्हणजे एका युनिटाला ९ डॉलर. थेट घाऊक दराने वीज घेणाऱ्या घरांना काही दिवसांची बिलं हजारो डॉलरची आली. मोटार रात्री चार्ज करणाऱ्याला किंवा बॅटरी असलेल्याला अशी योजना परवडते. इतरांना नाही.

स्थिर आकार मंजूर भारावर (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज खेचता येईल त्या मर्यादेवर) बसत असेल तर तोही उतरवता येतो. इटलीत घरगुती जोडणी सहसा ३ किलोवॉटची, फ्रान्समध्ये बऱ्याच घरांची ६ केव्हीएची (साधारण तितक्याच किलोवॉटची), स्पेनमध्ये २०२१ पासून दोन वेळांसाठी दोन वेगळे भार घेता येतात. वर्षातला कमाल भार स्मार्ट मीटरवर नोंदलेला असतो. तो मंजूर भाराच्या ७० टक्क्यांवर कधीच गेला नसेल तर एक पायरी खाली या. पण आधी गीझर, ओव्हन आणि इस्त्री एकाच वेळी चालवून पाहा. नाहीतर खाली आल्यावर पहिल्याच सणाला घरात अंधार होईल.

तक्रार करायची ती आज गॅसच्या बिलाची करा, विजेची नाही. ‘बाजार पडला, बिल का नाही’ असं लिहिलंत तर छापील उत्तर येईल. त्याऐवजी चार गोष्टी मागा : मागच्या बारा महिन्यांची प्रत्यक्ष आणि अंदाजे रीडिंगं तारखांसह, रूपांतराचा उष्मांक आणि गुणक, दर बदलल्याच्या तारखा आणि त्या तारखांना युनिटं कशी वाटली, आणि तुम्ही पाठवलेल्या रीडिंगवरून दुरुस्त केलेलं बिल. मीटरचा फोटो सोबत जोडा. तक्रार क्रमांक लिहून घ्या, कारण नियामकाच्या तक्रार मंचाकडे जायची वेळ आली तर तिथे पहिला प्रश्न त्याचाच असतो. उत्तर येईपर्यंत पूर्ण बिल थकवू नका. वादात नसलेली रक्कम भरा, ‘उरलेली रक्कम वादात आहे’ असं लेखी कळवा आणि त्या पत्राची प्रत बिलांच्याच डब्यात ठेवा.